सतरा अंकी संख्येच्या कसोटीवर पारी-जीपी

पारी-जीपी हा संख्या सिद्धांतासाठी घडवलेला संगणकीय गणनयंत्राचा प्रोग्राम आहे. आन्री कोएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समधील बोर्दो येथे १९८५ च्या सुमारास त्याचा पाया घातला, आणि आजही त्याची देखभाल तेथील विद्यापीठातूनच, कारीम बेलाबास यांच्या पुढाकाराने होते. तो पूर्णपणे मोफत असून त्याची मूळ संहिता जीपीएल परवान्याखाली कोणालाही पाहता येते आणि बदलता येते. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर तो चालतो. ज्यांना मोठ्या पूर्णांकांशी खेळण्याची हौस आहे, किंवा वर्गात मूळ अवयव, विभाजक, मसावि-लसावि शिकवताना पाठ्यपुस्तकातील दोन-तीन अंकी उदाहरणांच्या पलीकडे जावेसे वाटते, त्यांनी हा प्रोग्राम अवश्य घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्याचा स्वभाव थोडा एककल्ली आहे, आणि तो स्वभाव ओळखून घेतला नाही तर पहिल्याच बैठकीत माणूस कंटाळून उठेल.

अशा साधनाची परीक्षा सुविधांची यादी वाचून होत नाही, म्हणून मी एकच संख्या निवडली आणि तिच्याबद्दल जे जे विचारता येईल ते ते या प्रोग्रामला विचारले. ती संख्या म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिल्यास ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहावी लागेल, पण स्वल्पविरामांमुळे तिचे रूपच झाकले जाते, त्यामुळे पुढे ती सलगच लिहिली आहे. नऊ एके लिहून, म्हणजे १११११११११ ही संख्या घेऊन, तिचा वर्ग केला की ही सतरा अंकी संख्या मिळते. कागदावर गुणाकार मांडला तर प्रत्येक स्तंभात किती एके येतात तेवढाच अंक खाली उतरतो आणि कोठेही हातचा घ्यावा लागत नाही. दिसायला ही संख्या फसवी आहे, कारण ती ओळखीची वाटते, पण तिच्याविषयीचे बरेचसे प्रश्न तोंडी सोडवता येत नाहीत. कसोटीसाठी हेच हवे होते.

आधी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण पारी-जीपीची गरजच तीत दडलेली आहे. कार्यालयात हिशेबासाठी वापरली जाणारी नेहमीची स्प्रेडशीट ही संख्या स्वीकारते, पण जपत नाही. तेथे ती टंकून एंटर दाबले की १२३४५६७८९८७६५४३०० उरते. पंधरा सार्थ अंकांपुढचे दोन्ही अंक शून्य झालेले असतात. ब्राउझरच्या जावास्क्रिप्टमध्ये तीच संख्या लिहिली तर १२३४५६७८९८७६५४३२० असे उत्तर येते. एकाने फरक पडला एवढेच म्हणून हे सोडून देता येणार नाही, कारण त्या एकामुळे विषम संख्या सम झाली, पूर्ण वर्ग नाहीसा झाला आणि उलटसुलट सारखी वाचली जाणारी संख्या तशी राहिली नाही. कारण सरळ आहे. या साधनांमध्ये संख्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ हे अंक वापरून, साठवली जाते आणि तिच्यासाठी त्रेपन्न द्विमान अंकांची जागा असते. २ चा ५३ वा घात ९००७१९९२५४७४०९९२ आहे, आणि आपली संख्या त्याहून मोठी असल्यामुळे तिला चौपन्न द्विमान अंक लागतात. त्या पट्ट्यात फक्त सम संख्याच नेमक्या मांडता येतात. पैशांच्या हिशेबात याने काही बिघडत नाही, पण ज्याला विभाज्यतेचा अभ्यास करायचा आहे त्याच्यासाठी शेवटचा अंक हाच सर्वांत महत्त्वाचा असतो.

पारी-जीपी पूर्णांकाला पूर्णांकच ठेवतो. सतरा अंक असोत की सतराशे, एकही अंक गळत नाही. दशांश चिन्ह लिहिले की मात्र तो अंदाजे मूल्यांच्या राज्यात शिरतो. हा त्याचा पहिला आणि सर्वांत मोठा गुण आहे.

प्रोग्राम सुरू केला की एक काळी किंवा पांढरी चौकट उघडते आणि तिच्यात केवळ एक प्रश्नचिन्ह वाट पाहत असते. बटणे नाहीत, रंगीत तक्ते नाहीत. आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकायच्या असतात. या लेखात त्यांचे उच्चार तेवढे दिले आहेत. 'फॅक्टर' ही आज्ञा देऊन कंसात आपली संख्या लिहिली की डोळे मिटून उघडण्याच्या आत तीन ओळींचा छोटा तक्ता येतो, ज्यात डावीकडे मूळ अवयव आणि उजवीकडे त्यांचे घातांक असतात: ३ चा घातांक ४, ३७ चा घातांक २, ३३३६६७ चा घातांक २. एवढे समजले की संख्येची जन्मकुंडली हातात आल्यासारखीच असते, कारण पुढचे बहुतेक गुणधर्म या तीन ओळींतून पेन्सिलीने काढता येतात आणि प्रोग्रामचे उत्तर तपासूनही पाहता येते.

तिन्ही घातांक सम आहेत, म्हणून संख्या पूर्ण वर्ग आहे. घातांकांचा मसावि २ आहे, म्हणून ती चौथा किंवा त्याहून वरचा पूर्ण घात नाही. 'इजपॉवर' या आज्ञेचे उत्तर २ असे येते ते यामुळेच. प्रत्येक मूळ अवयव किमान दोनदा आलेला असल्यामुळे तिचा समावेश ज्यांना शक्तिशाली संख्या म्हणतात त्या वर्गातही होतो. विभाजकांची संख्या प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार केला की मिळते, म्हणजे ५ गुणिले ३ गुणिले ३, एकूण ४५. 'न्यूमडिव्ह' तेच सांगतो. पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते, हे शाळेत नियम म्हणून पाठ करून घेतले जाते. येथे 'डिव्हायझर्स' ही आज्ञा देऊन पंचेचाळीस विभाजक चढत्या क्रमाने समोर मांडले की मधोमध, तेविसाव्या जागी, १११११११११ एकटीच जोडीदाराविना उभी असलेली दिसते.

या यादीवर थोडे रेंगाळण्यासारखे आहे. १, ३, ९, २७, ३७, ८१, १११, ३३३, ९९९, १३६९, २९९७, ४१०७ आणि तेराव्या जागी १२३२१. म्हणजे तीन एक्यांचा वर्ग हा नऊ एक्यांच्या वर्गाचा विभाजक आहे. ३ हा ९ चा विभाजक असल्यामुळे १११ ही संख्या १११११११११ ला नि:शेष भागते, हे कळले की आश्चर्य संपते, पण भागाकार पाहिला की पुन्हा नवे काही दिसते: तो १००२००३००२००१ आहे. मोठ्या संख्येतील एक ते तीन आणि परत एक हाच उतार-चढाव शून्यांची अंतरे ठेवून पुन्हा उमटलेला आहे, कारण हा १००१००१ चा वर्ग आहे. पारी-जीपी हे काहीच बोलून दाखवत नाही. तो यादी देतो आणि गप्प बसतो. काहींना हा कोरडेपणा खटकेल. मला तो आवडतो, कारण पाहण्याचे काम तो माझ्याकडून काढून घेत नाही.

विभाजकांच्या बेरजेवरून संख्यांचे परिपूर्ण (स्वतःला सोडून इतर विभाजकांची बेरीज संख्येइतकीच), विपुल (तिच्याहून जास्त) आणि न्यून (तिच्याहून कमी) असे तीन गट पाडण्याची पद्धत फार जुनी, ग्रीक काळापासूनची आहे. 'सिग्मा' या आज्ञेने सर्व विभाजकांची बेरीज १८९५४२७९५९२८२७५७९ अशी येते. तीतून खुद्द संख्या वजा केली की ६६०८६००६०५१७३२५८ उरतात, म्हणजे स्वतःला सोडून इतर विभाजकांची बेरीज संख्येच्या निम्म्याहून थोडी अधिक, ५३.५ टक्क्यांच्या जवळपास आहे. संख्या न्यून ठरते आणि फार मोठ्या फरकाने ठरते. विषम संख्यांमध्ये विपुलता मुळातच दुर्मीळ असते; सर्वांत लहान विषम विपुल संख्या ९४५ आहे, आणि तीत ३, ५, ७ हे तिन्ही लहान मूळ अवयव उपस्थित आहेत. आपल्या संख्येत ३ नंतर थेट ३७ येतो, म्हणून बेरीज वाढायला वावच राहत नाही. संख्येशी सहमूळ असणाऱ्या, म्हणजे १ सोडून तिच्याशी एकही सामाईक विभाजक नसणाऱ्या, तिच्याहून लहान संख्या किती, याचे उत्तर देणाऱ्या ऑयलरच्या फलनासाठी 'ऑयलरफी' आहे. ते ८००७९८३९९१९९२०१६ इतके येते. हेही ५४, १३३२ आणि १११३३३३३३२२२ या तीन संख्यांचा गुणाकार करून हाताने पडताळता येते, आणि वेळ असेल तर ज्याने त्याने तो करून पाहावा.

मला सर्वांत जास्त आनंद मात्र दोन वर्गांच्या बेरजेने दिला. चाराने भागल्यावर बाकी १ उरणारा मूळ अवयव संख्येत असेल तर तिच्या वर्गाला दोन शून्येतर वर्गांच्या बेरजेत मांडता येते, हे फर्माच्या काळापासून ठाऊक आहे. आपल्या तीन मूळ अवयवांपैकी ३ आणि ३३३६६७ यांना चाराने भागल्यास बाकी ३ उरते, फक्त ३७ ला भागल्यास १ उरते. म्हणून अशी मांडणी आहे आणि क्रम व चिन्ह यांचा विचार सोडला तर ती एकच आहे. ३७ चा वर्ग म्हणजे १२ चा वर्ग अधिक ३५ चा वर्ग. १११११११११ ला ३७ ने भागले की ३००३००३ येतात. त्यांनी १२ ला आणि ३५ ला गुणले की ३६०३६०३६ आणि १०५१०५१०५ मिळतात. थोडक्यात ३६०३६०३६, १०५१०५१०५ आणि १११११११११ हे पायथागोरसचे त्रिकुट आहे, म्हणजेच ज्याच्या कर्णावर नऊ एके आहेत असा काटकोन त्रिकोण, आणि पूर्णांक बाजूंचा असा त्रिकोण हा एकच. दहावीच्या भूमितीत ३, ४, ५ आणि ५, १२, १३ यांच्या पुढे न जाणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर हे त्रिकुट ठेवावे आणि पारी-जीपीत तिन्ही वर्ग काढून बेरीज जुळते का ते त्यांनाच पाहायला लावावे.

येथवर जे गुणधर्म आले ते सर्व संख्येचे स्वतःचे आहेत. ती कोणत्या पद्धतीने लिहिली यावर ते अवलंबून नाहीत. उलटसुलट सारखे असणे मात्र लिहिण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते, आणि या भेदाकडे पारी-जीपी ज्या दृष्टीने पाहतो त्यावरून त्याच्या निर्मात्यांची आवडनिवड कळते. बीजगणितीय संख्याक्षेत्रे, लंबवर्तुळी वक्र, मॉड्युलर फलने यांच्यासाठी त्यात शेकडो आज्ञा आहेत. अंकांसाठी जेमतेम तीन: 'डिजिट्स' अंक सुटे करतो, 'समडिजिट्स' त्यांची बेरीज देतो आणि 'फ्रॉमडिजिट्स' सुट्या अंकांपासून पुन्हा संख्या जोडतो. संख्या उलट वाचून तशीच राहते का, हे विचारणारी तयार आज्ञा नाही. अंक सुटे करायचे, यादी उलटवायची, परत जोडायची आणि मूळ संख्येशी ताडून पाहायचे. एका ओळीचे काम आहे, पण ती ओळ आपणच लिहायची असते. 'डिजिट्स' या आज्ञेला दुसरा आकडा म्हणून पाया, म्हणजे संख्या दहाऐवजी कितीच्या पटींत लिहायची ते, सांगता येतो. तेथे ९ लिहिले की यादीच्या शेवटी दोन शून्ये येतात, कारण संख्या ८१ ने भागते आणि त्यापुढे ३ चा आणखी एकही घात शिल्लक नाही. शेवटी शून्य असलेली संख्या उलटसुलट सारखी कशी असेल? नवाच्या पायावर ती सगळी शोभा क्षणात नाहीशी होते.

बोर्दोच्या गणितज्ञांनी ज्या प्रांताला तीन आज्ञांत आटोपले, त्या प्रांतात दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी आयुष्य घालवले. १९०५ मध्ये डहाणूला जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळवलेले आणि १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेले कापरेकर आपल्याकडे ६१७४ या स्थिरांकामुळे ओळखले जातात. आपली सतरा अंकी संख्या मात्र त्यांच्या दुसऱ्या एका कुळातली आहे. एक्यांच्या वर्गांपासून मिळणाऱ्या १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशा संख्यांना त्यांनी डेम्लो हे नाव दिले, आणि ते मुंबईपासून तीस मैलांवरील, तेव्हाच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या स्थानकावरून, म्हणजे आजच्या डोंबिवलीवरून, घेतले होते. लोकलच्या गर्दीत उभ्या असलेल्या किती डोंबिवलीकरांना आपल्या गावाचे नाव जगभरच्या संख्या-कोशांत गेले आहे हे ठाऊक असेल, कोण जाणे. १२३४५६७८९८७६५४३२१ ही या मालिकेतील नववी आणि उलटसुलट सारखी राहणारी शेवटची संख्या आहे. दहा एक्यांचा वर्ग केला की हातचे सुरू होतात आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ अशी काहीशी मोडलेली संख्या मिळते.

अंकांच्या बेरजेने भागली जाणारी संख्या म्हणजे हर्षद संख्या, हीही कापरेकरांचीच देणगी. 'समडिजिट्स' आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ सांगतो, आणि ३ चा घातांक ४ असल्यामुळे ८१ ने ती नि:शेष भागतेच. भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. येथे थांबलो असतो तर हा नुसता योगायोग वाटला असता. पण पारी-जीपीत पहिल्या नऊ डेम्लो संख्यांसाठी हीच चाचणी एका ओळीत लावता येते, आणि तसे केल्यावर फक्त तीन संख्या हर्षद निघतात: १, १२३२१ आणि आपली. याचे कारण शोधणे फार अवघड नाही. एक ते नऊ यांपैकी कितीही एके घेतले तरी वर्गाच्या अंकांची बेरीज ही एक्यांच्या संख्येचा वर्ग असते, त्यामुळे प्रश्न एवढाच उरतो की तेवढे एके असलेली संख्या त्यांच्या संख्येने भागली जाते का. १११ ला ३ ने भाग जातो, १११११११११ ला ९ ने जातो, पण ११ ला २ ने, ११११ ला ४ ने, ११११११ ला ६ ने किंवा ११११११११ ला ८ ने जाणे शक्यच नाही, कारण एकाने संपणारी संख्या विषम असते. उरलेल्या ५ आणि ७ यांनीही अनुक्रमे पाच आणि सात एक्यांना भाग जात नाही. यंत्राने उत्तर दिले, कारण माणसाने शोधले. या प्रोग्रामचा उपयोग असाच व्हावा अशी माझी धारणा आहे.

कापरेकरांची तिसरी कल्पना स्वयंभू संख्यांची. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते: १५ मध्ये १ अधिक ५, म्हणजे ६, मिळवले की २१ येतात, म्हणून १५ हा २१ चा जनक. ज्या संख्येला असा जनकच नाही ती स्वयंभू, जशी २०. आपली सतरा अंकी संख्या स्वयंभू आहे का? सतरा अंकांची बेरीज १५३ पेक्षा जास्त होऊ शकत नाही, त्यामुळे जनक असलाच तर तो मागच्या १५३ संख्यांतच सापडला पाहिजे. १ पासून १५३ पर्यंत प्रत्येक संख्या वजा करून पाहायची आणि जी वजा केली तेवढीच उरलेल्या संख्येच्या अंकांची बेरीज आहे का ते तपासायचे, एवढी सूचना पारी-जीपीला दिली की एकच उत्तर छापले जाते: ८१. म्हणजे जनक १२३४५६७८९८७६५४२४० हा आहे. त्याच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ मिळवल्यावर आपली संख्या. तिच्या स्वतःच्या अंकांची बेरीजही ८१ असावी आणि तिच्या एकमेव जनकाच्या अंकांचीही ८१ असावी, हे पाहून मी ती वजाबाकी कागदावर पुन्हा मांडून खात्री करून घेतली. ती आनंदी संख्या मात्र नाही. अंकांच्या वर्गांची बेरीज करत गेले की ४८९, १६१, ३८, ७३, ५८, ८९ असा प्रवास होतो, आणि ८९ ला पोहोचलेली संख्या एकापर्यंत कधीच येत नाही.

या सगळ्या नावांची माहिती पारी-जीपी देत नाही, हा त्याचा दोष म्हणावा की मर्यादा, यावर मतभेद होऊ शकतात. तो विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. कोणता प्रश्न विचारावा हे सांगत नाही. त्यासाठी नील स्लोन यांनी १९६४ मध्ये विद्यार्थिदशेत कार्डांवर सुरू केलेला आणि १९९६ पासून इंटरनेटवर असलेला पूर्णांक-मालिकांचा कोश जोडीला ठेवावा. त्यात आज साडेतीन लाखांहून अधिक मालिका आहेत, आणि आपली संख्या तेथे शोधली की ए००२४७७ या क्रमांकाखाली डेम्लो मालिका निघते. अनेक नोंदींमध्ये ती मालिका पारी-जीपीत कशी काढायची त्याची ओळही दिलेली असते, त्यामुळे ती उचलून चौकटीत चिकटवली की काम सुरू. माझ्या मते ही दोन साधने एकमेकांशिवाय अर्धी आहेत.

वेगाविषयी बोलायचे तर सतरा अंक हे या प्रोग्रामला आव्हानच नव्हे. २ चा ६७ वा घात उणे १ ही संख्या संयुक्त आहे हे फ्रेंच गणिती ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवले होते, पण तिचे अवयव कोणाला ठाऊक नव्हते; १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार फळ्यावर मांडून ते जाहीर केले. पारी-जीपी त्या एकवीस अंकी संख्येचे अवयव साध्या लॅपटॉपवर क्षणार्धात देतो. पण अवयव पाडण्याचे काम अंक वाढतील तसे झपाट्याने अवघड होत जाते, आणि दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार शंभर अंकांच्या आसपास पोहोचला की येथे तासन् तास थांबण्याची तयारी ठेवावी. २०२० मध्ये फोडल्या गेलेल्या आरएसए-२५० या अडीचशे अंकी संख्येसारख्या कामांसाठी वेगळी, कित्येक संगणकांवर वाटून चालवायची साधने असतात. पारी-जीपीकडून ती अपेक्षा करू नये.

संख्या मूळ आहे का, या प्रश्नाचे उत्तर देताना त्याने राखलेला प्रामाणिकपणा मला विशेष वाटतो. 'इजस्यूडोप्राइम' ही आज्ञा झटपट चाचणी करते. त्या चाचणीला फसवणारी एकही संयुक्त संख्या आजवर सापडलेली नाही, आणि २ च्या ६४ व्या घातापर्यंत तशी संख्या नाहीच हे तपासलेले आहे, पण त्यापुढे ती सिद्धता ठरत नाही. 'इजप्राइम' वेळ घेते, पण सिद्ध करूनच होय म्हणते. एकोणीस एके किंवा तेवीस एके लिहून पाहावे. दोन्ही मूळ आहेत आणि उत्तर लगेच येते. तीनशे सतरा एक्यांची संख्याही मूळ आहे, आणि तेथे दोन्ही आज्ञांच्या वेळेतला फरक स्पष्ट जाणवतो. १०३१ एक्यांची संख्या मूळ असल्याची सिद्धता ह्यू विल्यम्स आणि हार्वी डबनर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केली. शक्यता आणि सिद्धता यांच्यात दोन वेगळ्या आज्ञांचे अंतर ठेवणारे साधन विद्यार्थ्याच्या हातात असणे मला मोलाचे वाटते.

आता तक्रारी. आज्ञांची नावे इंग्रजी शब्दांची आखूड रूपे आहेत आणि ती सवयीनेच अंगवळणी पडतात. देवनागरी आकडे त्याला चालत नाहीत. आज्ञेच्या शेवटी अर्धविराम दिला की उत्तर छापले जात नाही, हे माहीत नसलेल्या नवख्याला प्रोग्राम बंद पडला असे वाटू शकते. सुरुवातीला राखीव ठेवलेली स्मृती लहान असते, त्यामुळे मोठी यादी मागितली की ती भरल्याचा संदेश देऊन काम थांबते. 'अ‍ॅलोकेटमेम' या आज्ञेने ती वाढवता येते, पण हे संदेश वाचूनच शिकावे लागते. माहितीपुस्तिका सविस्तर आणि नेमकी आहे, परंतु ती गणिताच्या पदव्युत्तर वाचकाला समोर ठेवून लिहिलेली दिसते, आणि मराठीत तर काहीच उपलब्ध नाही. आज्ञेच्या नावाआधी प्रश्नचिन्ह लिहिले की चार ओळींची मदत येते, तेवढ्यावर शाळकरी वापर निभावतो.

ज्याला संख्येचे सर्व गुणधर्म एका पानावर, सुबक चौकटीत, काही न विचारता हवे आहेत त्याने या वाटेला जाऊ नये; तशी तयार पाने देणारी संकेतस्थळे आहेत आणि ती आपले काम चोख करतात. शिक्षकांना, स्पर्धा परीक्षांपलीकडे गणित करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि निवृत्तीनंतर अंकांशी मैत्री करू पाहणाऱ्यांना मात्र मी हा प्रोग्राम निःसंकोच सुचवीन. उतरवून घेण्याआधी चव पाहायची असेल तर बोर्दोच्या संकेतस्थळावर ब्राउझरमध्येच चालणारी आवृत्ती आहे. मोठ्या कामाला ती संथ पडते, पण या लेखातील एकूण एक उत्तर तेथे पडताळून पाहता येते.